एल्फ किती वर्षं जगतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा फासे टाकत मिळून गोष्ट रचण्याचा खेळ पहिल्यांदा खेळायला बसलेला माणूस एल्फ ही काल्पनिक, दीर्घायुषी जमात निवडतो, नाव शोधतो, धनुष्य घेतो आणि कॅरेक्टर शीटवरच्या, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावरच्या, वयाच्या रकान्याशी अडतो. मी बरीच वर्षं डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारा) म्हणून टेबल चालवतो आहे. हा रकाना रिकामा सोडलेली किंवा तिथे घाईघाईत काहीतरी आकडा टाकलेली शीट्स मी खूप पाहिली आहेत. मला स्वतःला हा रकाना फार मोलाचा वाटतो, म्हणून पुन्हापुन्हा विचारले गेलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक उत्तरं डी अँड डीबद्दल आहेत. दुसऱ्या गेमबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

थोडक्यात सांगा, एल्फ किती जगतो?

सुमारे ७५० वर्षं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतलं प्लेअर्स हँडबुक हे खेळाडूंचं नियमपुस्तक म्हणतं की एल्फ ७५० वर्षांपर्यंत जगू शकतो. २०२४ च्या सुधारित पुस्तकात आयुष्य साधारण ७५० वर्षांचं असं दिलं आहे. या दोन वाक्यांत फरक आहे, आणि तो बारीक नाही.

७५० हाच आकडा का? हजार का नाही?

कारण तो कधीकाळी फाशांतून पडला.

१९७९ साली आलेल्या पहिल्या आवृत्तीच्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये वयाचे तक्ते होते. त्यांत हाय एल्फ या उपजातीचा अगदी शेवटचा टप्पा १६०० वर्षांपर्यंत जात होता आणि ग्रे एल्फचा २००० पर्यंत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे सगळं बदललं. कमाल वय काढायचं तर ३५० हा पाया धरायचा आणि त्यात १ ते १०० आकड्यांचे चार फासे टाकून येईल ती बेरीज मिळवायची. तिसऱ्या आवृत्तीने हेच सूत्र पुढे चालवलं.

आता हिशोब करू. चारही फाशांवर १ पडला तर एल्फ ३५४ वर्षं जगेल. चारही फाशांवर १०० पडले तर ७५०. चारही शंभर पडण्याची शक्यता दहा कोटींत एक. सरासरी येते ५५२. म्हणजे या नियमाने पाहिलं तर ७५० वर्षं जगलेला एल्फ अख्ख्या जगात एखादा सापडला तर सापडला. तिसऱ्या आवृत्तीत हा फासा डीएमने गुपचूप टाकायचा आणि खेळाडूला आकडा कळू द्यायचा नाही असा नियम होता. मला तो नियम अजून फार आवडतो. आपण किती जगणार हे एल्फलाही माहीत नसतं.

मग २००८ ची चौथी आवृत्ती आली आणि तिने एल्फचं आयुष्य एकदम आखडतं घेतलं: दोनशेहून बरंच जास्त, इतकंच. त्या आवृत्तीत वेगळी जमात म्हणून आलेल्या एलाड्रिनला तीनशेच्या वर वर्षं दिली होती. २०१४ मध्ये जुना आकडा परत आला, पण फासे गेले आणि फक्त कमाल मर्यादा उरली. २०२४ मध्ये त्या मर्यादेचीच साधारण आयुर्मर्यादा झाली.

म्हणून कोणी ‘खरा आकडा कोणता’ म्हणून वाद घालायला लागलं की मी आधी विचारतो, कुठल्या आवृत्तीतला?

एल्फ शंभर वर्षांचा होईपर्यंत लहान मूल असतो का?

शरीराने नाही. पाचव्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं आहे की एल्फचं शरीर माणसाच्याच वेगाने वाढतं. विशीतला एल्फ दिसायला, धावायला, तलवार पेलायला पूर्ण वाढलेला असतो. शंभरीचा संबंध समाजाशी आहे. जग पाहून झाल्याशिवाय एल्फ स्वतःला मोठा म्हणवत नाहीत. शंभराव्या वाढदिवसानंतर केव्हातरी तो आपण होऊन जाहीर करतो की आता मी मोठा झालो, आणि तेव्हा स्वतःसाठी नवं नाव निवडतो. तोवर त्याला बालपणीच्या नावाने हाक मारतात.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट अशी की ज्यांनी त्याला लहानपणी पाहिलं आहे ते पुढेही जुन्याच नावाने हाक मारू शकतात. तुमचा चारशे वर्षांचा, गंभीर, सगळ्या राज्यात दबदबा असलेला एल्फ घरी परततो आणि आजी दारातूनच त्याला लाडाच्या नावाने हाक मारते. पार्टीतले, म्हणजे सोबतच्या टोळीतले, सगळे वळून बघतात. हा प्रसंग मी तीन वेगवेगळ्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टींत) वापरला आहे आणि तिन्ही वेळा टेबलवरची माणसं खुलली.

तेव्हा शीटवर दोन नावं लिहा. वय शंभराच्या आत असेल तर एकच.

१४५ वर्षांचा एल्फ विझार्ड (जादूगार) आणि २२ वर्षांचा माणूस विझार्ड एकाच पहिल्या लेव्हलला कसे?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि विचारणाऱ्याची चिडचिड रास्त आहे. हे आकडे मनाने घेतलेले नाहीत. तिसऱ्या आवृत्तीत माणूस विझार्डचं सुरुवातीचं वय होतं १५ अधिक दोन सहा-बाजूंचे फासे, म्हणजे सरासरी २२. एल्फ विझार्डचं होतं ११० अधिक तसलेच दहा फासे, म्हणजे सरासरी १४५. दोघांच्या मंत्रपोथीत मात्र सारखेच पहिल्या पायरीचे मंत्र. मग हा एल्फ सव्वाशे वर्षं करत काय होता?

‘एल्फ सावकाश शिकतात’ हे उत्तर मला पटत नाही. काही उपजाती सोडल्या तर प्लेअर्स हँडबुकमधल्या मूळ एल्फच्या बुद्धीला उणे गुण नाहीत. ज्याला एक शतक हातात आहे तो मुद्दाम मंद शिकेल असं म्हणणं म्हणजे नियमाची फट झाकण्यासाठी अख्ख्या जमातीला मठ्ठ ठरवणं.

माझं उत्तर असं. लेव्हल ही लढाईच्या आणि संकटाच्या अनुभवाची मोजणी आहे. जीव धोक्यात घालून थोड्या दिवसांत जे शिकलं जातं ते लेव्हलमध्ये येतं. एल्फने शंभर वर्षांत बासरी वाजवली, एका झाडाला रोप असल्यापासून डेरेदार होईपर्यंत पाहिलं, चार भाषांतल्या कविता पाठ केल्या, दोन मैत्री तुटताना पाहिल्या. यातलं काहीच लेव्हलमध्ये दिसत नाही. थोडंसं मात्र दिसतं: २०१४ च्या नियमांत हाय एल्फ आणि वुड एल्फ कोणत्याही क्लासचे, म्हणजे पेशाचे, असोत, त्यांना लांब तलवार, आखूड तलवार आणि दोन्ही प्रकारची धनुष्यं चालवता येतात. विझार्ड असूनही हातात लाँगबो! ती त्या शतकाची खूण आहे. २०२४ च्या पुस्तकात ती राहिली नाही याचं मला वाईट वाटतं.

माझ्या टेबलवर एल्फ खेळाडूला मी एक जास्तीची गोष्ट देतो: एखादं वाद्य, एखादी कला किंवा एखादी मेलेली भाषा. तिचा लढाईत काडीचा उपयोग नसावा, एवढीच अट. वय त्यातून दिसतं आणि खेळाचा तोल बिघडत नाही.

एल्फचं वय माणसाच्या वयात कसं मोजायचं? दहाने भागायचं का?

दहाने भागू नका. २० वर्षांचा एल्फ मग दोन वर्षांचं बाळ ठरतो, आणि शरीराने तर तो तरुण आहे.

तिसऱ्या आवृत्तीचा तक्ता इथे उपयोगी पडतो. माणसाचं मध्यम वय ३५, एल्फचं १७५. माणूस ५३ ला म्हातारा, एल्फ २६३ ला. माणसाचा जराजर्जर टप्पा ७० ला, एल्फचा ३५० ला. तिन्ही ठिकाणी जवळजवळ बरोबर पाचपट. फक्त सुरुवात वेगळी: माणूस १५ ला मोठा, एल्फ ११० ला, म्हणजे सातपटीहून जास्त. लांबवलं आहे ते बालपण. मोठेपणापासून मध्यम वयापर्यंत एल्फच्या वाट्याला येतात ६५ वर्षं, माणसाच्या २०.

पाचव्या आवृत्तीत असा तक्ता नाही, म्हणून मी माझ्यापुरता एक हिशोब ठेवला आहे. विशीपर्यंत वय सारखंच धरा. पुढे एल्फच्या वयातून २० वजा करा, १२ ने भागा आणि २० मिळवा. शंभरीचा एल्फ शरीराने साधारण २७ वर्षांच्या माणसासारखा येतो, दोनशेचा ३५, चारशेचा ५२, सहाशेचा ६८ आणि साडेसातशेचा ८१. हा पुस्तकातला नियम नाही, पण आजवर त्याने मला दगा दिलेला नाही.

म्हातारा एल्फ दिसतो कसा?

बहुतेक आवृत्त्यांत म्हातारपण अंगावर फार उशिरा आणि फार थोडं दिसतं. चौथ्या आवृत्तीने एक सुंदर तपशील दिला आहे: वय वाढल्याची पहिली खूण केसांच्या बदलत्या रंगात दिसते, आणि एल्फ जवळजवळ शेवटपर्यंत तरतरीत राहतो. तिसऱ्या आवृत्तीत मात्र एल्फलाही इतर सगळ्यांसारखाच म्हातारपणाचा दंड होता. टप्प्याटप्प्याने ताकद, चपळाई आणि काटकपणा घटायचे. बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव एकेकाने वाढायचे.

एक गोष्ट विसरली जाते. तिसऱ्या आवृत्तीतल्या एल्फला चपळाईत अधिक दोन आणि काटकपणात उणे दोन होते. सगळ्यात लांब आयुष्य आणि सगळ्यात नाजूक शरीर यांची ही जोडी मला विलक्षण वाटते. तलवार, विष, दरड, ताप यांतलं काहीही एल्फला सातशे वर्षं थांबून घेऊन जात नाही.

एल्फ झोपत नाहीत म्हणून जास्त जगतात का?

असं नियमात कुठेही नाही. पण ट्रान्समुळे, म्हणजे झोपेऐवजी ते ज्या ध्यानासारख्या अवस्थेत जातात तिच्यामुळे, त्यांचं आयुष्य जागेपणी नक्कीच मोठं होतं. माणसाला आठ तासांच्या झोपेतून जो आराम मिळतो तो एल्फला चार तासांच्या ट्रान्समध्ये मिळतो. रोजचे चार तास वाचले म्हणजे दिवसाचा सहावा हिस्सा वाचला. ७५० वर्षांत हे होतात १२५ वर्षं. एका माणसाच्या संपूर्ण आयुष्याहून जास्त काळ एल्फला नुसत्या वाचलेल्या झोपेतून मिळतो.

त्या रात्रींचं तो करतो काय, हे प्रत्येक एल्फ खेळाडूने एकदा तरी ठरवावं. बाकीची पार्टी घोरत असताना चार तास तो शेकोटीपाशी एकटा जागा असतो.

ट्रान्सबद्दल आणखी एक गोष्ट २०१८ च्या मॉर्डेनकायनेन्स टोम ऑफ फोज या पुस्तकात आली आहे. एल्फचे आत्मे पुन्हापुन्हा जन्म घेतात. बालपणी ट्रान्समध्ये एल्फला स्वतःचं आयुष्य दिसत नाही. आत्म्याच्या जुन्या आठवणी दिसतात. मग एके दिवशी पहिल्यांदा त्याला कालपरवाची, स्वतःची आठवण दिसते. तो बालपण सरायला लागल्याचा क्षण. पुढे जुन्या आठवणी येणं थांबतं, जणू मध्ये पडदा ओढला जातो, आणि एल्फ मोठा गणला जातो. आयुष्याच्या संध्याकाळी त्या परक्या आठवणी पुन्हा यायला लागतात, डोळ्यांत चंद्रकोरीसारखी खूण उमटते, आणि त्याला कळतं की बोलावणं आलं आहे.

मग एल्फ म्हातारपणाने मरतात की कुठेतरी निघून जातात?

दुसऱ्या आवृत्तीचं प्लेअर्स हँडबुक म्हणतं की एल्फ बाराशे वर्षांहूनही जास्त जगलेले आहेत, पण त्याच्या कितीतरी आधी त्यांना माणसांचं जग सोडून जावंसं वाटू लागतं. कुठे जातात ते कळत नाही. म्हणजे फाशांतून येणारा आकडा मृत्यूचा असेलच असं नाही. तो निघण्याचा असू शकतो. पाचव्या आवृत्तीतल्या एल्फच्या श्रद्धेत आत्मा आर्वांडोरला, कोरेलॉन या देवाकडे, परत जातो.

माझ्या जगात मी दोन्ही ठेवतो. काही एल्फ अंथरुणात मरतात. काही एका सकाळी भांडी घासून पालथी घालतात, दार लोटतात आणि जातात. मागे राहिलेल्यांसाठी दुसरं जास्त अवघड असतं.

ड्राउ (जमिनीखाली राहणारे एल्फ) कमी जगतात का?

आयुर्मर्यादा इतर एल्फसारखीच. पण त्यांच्या कटकारस्थानांच्या शहरांत ती मर्यादा गाठणारे कमी.

हाफ-एल्फ (एल्फ आणि माणूस यांचं मूल) किती जगतात?

२०१४ च्या पुस्तकाप्रमाणे हाफ-एल्फ विशीत मोठा होतो आणि बऱ्याचदा १८० वर्षांच्या पुढे जातो. तिसऱ्या आवृत्तीत १२५ अधिक वीस बाजूंचे तीन फासे, म्हणजे कमाल १८५. २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये हाफ-एल्फ ही वेगळी निवड राहिलेली नाही, पण जुन्या पुस्तकातून घेऊन अनेक टेबलांवर ती चालूच आहे.

आकडा इथे संपतो. खरी गोष्ट पुढे आहे.

समजा आई एल्फ आहे, बाळ झालं तेव्हा २०० वर्षांची. वडील माणूस, तेव्हा ३० चे. मूल चाळिशी-पन्नाशीत असताना वडील जातात. तेव्हा ते मूल जेमतेम पंचविशीचं दिसतं. आई तर होती तशीच. मूल १८० चं होऊन मरतं तेव्हा आई ३८० ची, म्हणजे तिचं जवळजवळ निम्मं आयुष्य अजून पुढे. हे तिला बाळ पोटात असल्यापासून माहीत असतं. आपण आपल्या मुलाला निरोप देणार आहोत आणि त्यानंतर साडेतीनशे वर्षं जगणार आहोत, हे माहीत असूनही तिने ते मूल होऊ दिलं.

हाफ-एल्फ खेळणारे लोक नेहमी ‘मी ना इकडचा ना तिकडचा’ या कल्पनेवर थांबतात. ती कल्पना चांगली आहे, पण तिच्याखाली ही दुसरी गोष्ट आहे आणि ती जास्त खोल आहे. आईकडे एकदा बघा. ती मुलाशी कशी बोलते? त्याच्या प्रत्येक वाढदिवशी तिच्या मनात काय येतं? काही एल्फ आया मुलाला घट्ट धरून ठेवतील, काही आधीच दूर जातील. माझ्या एका खेळाडूने आपल्या हाफ-एल्फच्या आईला मुलाची एकेक गोष्ट लाकडात कोरून ठेवायची सवय दिली होती. कारण विचारलं तर म्हणाला, चारशे वर्षांनी ट्रान्समध्ये आठवण आली तरी हातात धरायला काहीतरी हवं.

मूल एल्फ वस्तीत वाढलं तर आणखी एक गंमत, आणि थोडं दुःखही. विशीत ते मोठं होतं, पण त्याच्या जन्मवर्षातले एल्फ सवंगडी अजून ऐंशी वर्षं समाजात लहान गणले जाणार असतात. म्हणजे त्याने सगळं आटोपून म्हातारपणाकडे वळायचं, तेव्हा ते नावं निवडत असतात.

बाकीच्या जमाती किती जगतात?

२०१४ चे आकडे: ड्वार्फ सरासरी ३५० वर्षं, नोम ३५० ते जवळपास ५००, हाफलिंग दीडशेच्या आसपास, माणूस शंभराच्या आत, ड्रॅगनबॉर्न सुमारे ८०, हाफ-ऑर्क क्वचितच ७५ च्या पुढे. ड्वार्फ पन्नाशीपर्यंत पोरसवदा समजला जातो. एल्फला शतकानुशतकं सोबत करू शकेल असा मित्र हवा असेल तर नोम शोधा. ही जोडी मला टेबलवर फार कमी दिसते.

जादूने एल्फचं वय कमी-जास्त होतं का?

होतं, पण एल्फला त्याचं विशेष वाटत नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत घोस्टचं भयानक रूप पाहून बचावाचा फासा पाच किंवा जास्त फरकाने चुकला तर १० ते ४० वर्षांनी वय वाढतं. माणसाची अर्धी हयात जाते. एल्फच्या दृष्टीने तो एक उन्हाळा. जुन्या आवृत्त्यांत हेस्ट हा वेग वाढवणारा मंत्र अंगावर घेतला की एक वर्ष वाढायचं. माणूस फायटर हेस्ट म्हटलं की विचारात पडायचा, एल्फ बिनधास्त घ्यायचा. नियमांनी स्वभाव घडवण्याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं नाही.

उलट दिशेने, पोशन ऑफ लाँजेव्हिटी हे जादूचं पेय ७ ते १२ वर्षं कमी करतं आणि पुन्हा प्यायलं की उलटा परिणाम होण्याचा धोका दर वेळी वाढत जातो. एल्फने ते माणूस मित्राला द्यावं. २०१४ च्या नियमांत १८ व्या लेव्हलच्या ड्रुइडचं (निसर्गाची जादू करणाऱ्याचं) शरीर दहा वर्षांत एकच वर्ष म्हातारं होतं. एल्फ ड्रुइड ३०० व्या वर्षी तिथे पोचला तर उरलेल्या ४५० ची साडेचार हजार वर्षं होतात.

म्हातारपणाने गेलेल्या एल्फला परत आणता येतं का?

रिझरेक्शन आणि ट्रू रिझरेक्शन हे दोन्ही मंत्र म्हातारपणाने आलेल्या मृत्यूवर चालत नाहीत. रीइन्कार्नेट नवं तरुण शरीर देतं, पण जमात फाशावर ठरते. एल्फ माणूस होऊन उठला तर हातात पन्नास-साठ वर्षं उरतात आणि डोक्यात सहाशे वर्षांच्या आठवणी. पहिल्या आवृत्तीत तर रेज डेड हा साधा मंत्र एल्फवर चालतच नसे. माणूस, ड्वार्फ, नोम, हाफलिंग आणि हाफ-एल्फ यांना तो उठवायचा, एल्फ मात्र यादीत नव्हता. दीर्घायुष्याची ती किंमत मला योग्य वाटायची.

दुसऱ्या गेममधले एल्फ?

पाथफाइंडरच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत एल्फ साधारण ६०० वर्षं जगतो. माणसांत वाढलेल्या एल्फसाठी तिथे ‘फोर्लोर्न’ असा शब्द आहे: ज्याने आपले बालमित्र म्हातारे होऊन जाताना पाहिले तो. एकाच शब्दात अख्खं बॅकग्राउंड.

वॉरक्राफ्टमधले नाइट एल्फ दहा हजार वर्षं अमर होते, कारण नॉर्ड्रासिल या महावृक्षाला मिळालेला वर. २००२ च्या तिसऱ्या वॉरक्राफ्टच्या शेवटी आर्किमॉन्ड या राक्षसी सेनापतीला संपवण्यासाठी तो वृक्ष पणाला लागतो आणि अमरत्व जातं. अख्ख्या जमातीने एका दुपारी मरण पत्करलं. त्यांचे नेते टायरांडे आणि मॅल्फ्युरियन अजून आहेत, पण आता त्यांचाही काळ मोजला जातो आहे.

एल्डर स्क्रोल्समध्ये साधा एल्फ माणसाच्या दोन-तीन पट जगतो. त्यापुढे जादू लागते. २००२ च्या मोरोविंडमधला डिवेथ फिर चार हजार वर्षांचा आहे, आणि त्याच तेल्वानी घराण्यातला नेलोथ मोरोविंडमध्ये भेटतो तसा सुमारे दोनशे वर्षांनंतरच्या स्कायरिममध्येही भेटतो. तितकाच तिरसट.

ड्रॅगन एजचे एल्फ आज माणसाइतकेच जगतात. आपले पूर्वज अमर होते आणि माणसांच्या सहवासाने आपलं रक्त बिघडलं, असं ते मानतात. २०१५ च्या ट्रेसपासर या जोडभागात वेगळंच कारण उघड होतं. खेळला नसाल तर इथे सांगत नाही. ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये एल्फ म्हातारपणाने मरतच नाहीत.

इतकं जगतात तर सगळं जग एल्फांनी भरून का गेलं नाही?

पहिला उपाय म्हणजे जन्म कमी. एका जोडप्याला सगळ्या आयुष्यात दोन मुलं झाली तर संख्या तेवढीच राहते. दर पंचवीस वर्षांनी एक असं चारशे वर्षं चाललं तर सोळा होतात आणि जंगल पुरत नाही. म्हणून तुमच्या एल्फ गावात मूल ही शतकातली घटना ठेवा. सगळं गाव त्याला ओळखतं.

जुन्या आवृत्त्यांनी दुसरा, जरा क्रूर उपाय केला होता: लेव्हलवर मर्यादा. दुसऱ्या आवृत्तीत एल्फ मेज (जादूगार) पंधराव्या लेव्हलला थांबायचा, माणसाला मर्यादा नव्हती. शेकडो वर्षं जगणाऱ्यांना मोकळं सोडलं तर सगळी सत्ता त्यांचीच होईल, असा विचार त्यामागे होता. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने ती मर्यादा काढली. बरं झालं. पण प्रश्न उरला, आणि तो आता डीएमने सोडवायचा आहे.

डीएम म्हणून एल्फचं आयुष्य जगात कसं दिसू द्यायचं?

इतिहासातून. माणसांच्या राज्याने तीनशे वर्षांपूर्वी एल्फांशी तह केला. माणसांच्या दृष्टीने ते दहा-बारा राजांपूर्वीचं, वाळवी लागलेलं कागदपत्र. एल्फ राणीच्या दृष्टीने तिने स्वतः कोणाच्या तरी डोळ्यांत बघून दिलेला शब्द. माणसांचा तरुण राजा तो तह निष्पाप मनाने मोडतो, आणि ती मात्र एका ओळखीच्या चेहऱ्याने केलेला विश्वासघात पाहते, कारण त्याचं नाक तह करणाऱ्या त्या पूर्वजासारखं आहे. या एका तहावर मी वर्षभर कॅम्पेन चालवलं आहे.

भाषेतूनही दाखवता येतं. सातशे वर्षांपूर्वीची मराठी आपण टिपा बघितल्याशिवाय वाचू शकत नाही. एल्फने माणसांची भाषा तेव्हा शिकली आणि मग तीनशे वर्षं जंगलाबाहेर आलाच नाही, तर तो बाजारात कसा बोलेल? एक-दोन जुने शब्द पुरतात. सगळं बोलणं जुनाट केलं तर ऐकणाऱ्यांना कंटाळा येतो.

माझ्या एल्फचं वय नेमकं किती ठेवू?

पहिलाच एल्फ असेल तर ११० ते १५०. नुकतंच नाव निवडलं आहे, जग नवं आहे, खेळाडूइतकंच पात्रालाही सगळं पहिल्यांदा दिसतं आहे.

शंभराच्या आतला एल्फ घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण तो घरून पळून आलेला असेल किंवा कोणी पाठवला असेल. कारण आधी ठरवा.

साडेसहाशेचा एल्फ पहिल्या लेव्हलला हवा असेल तर मी एकच प्रश्न विचारतो: तो इतकी वर्षं घरीच का राहिला आणि आत्ताच का निघाला? एका खेळाडूने यावर दोन आठवडे विचार केला. मग तिने सांगितलं की तिची एल्फ आपल्या माणूस नवऱ्याच्या कबरीशेजारी राहत होती. नंतर त्यांच्या मुलाच्या, मग नातवंडांच्या. त्या वंशातला शेवटचा माणूस मागच्या हिवाळ्यात गेला. आता राखायला कोणी उरलं नाही, म्हणून तिने धनुष्य घेतलं. तिच्या शीटवर वयाच्या रकान्यात ६४३ लिहिलं आहे आणि शेजारी बारीक अक्षरात पाच नावं.